मन लागत नाही, तरी प्रार्थना करावी का?



आपल्या धर्मग्रामात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. तरुण मुलेमुली तो सरळ विचारतात. मोठी माणसे विचारत नाहीत, मनात ठेवतात. प्रश्न असा : "प्रार्थनेत मन लागत नाही. ओठांवर 'नमो मारिया' असते आणि डोक्यात उद्याचा डबा, बँकेचा हप्ता, मुलांची फी. अशा वेळी गुडघे टेकणे हे ढोंग नव्हे का? त्यापेक्षा प्रार्थना न करणेच अधिक प्रामाणिक नाही का?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जो तो विचारतो त्याला देवाला फसवायचे नसते. "मन लागो न लागो, म्हणून टाक" एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून या रविवारी आपण त्याचा थोडा विचार करू या.

ढोंग म्हणजे काय, हे आधी पाहू. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना प्रभू येशू ढोंगी म्हणतो. तेथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ होतो रंगभूमीवरचा नट. नटाला प्रेक्षक लागतात. प्रेक्षक नसतील तर त्याचे सोंग कोणासाठी? आता रात्री सगळी निजानीज झाल्यावर, डोळे मिटत असताना हातात जपमाळ घेऊन बसलेली एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. तिला कोण पाहते आहे? तिचे मन भरकटत असेल, तिला झोप येत असेल; त्याला थकवा म्हणा, दुर्बलता म्हणा. ढोंग मात्र म्हणता येणार नाही. उलट, डोळ्यांतून पाणी काढून केलेली प्रार्थनाही शेजारच्या बाकावरच्या माणसांसाठी असेल, तर ते ढोंगच ठरेल.

दुसरा मुद्दा असा, की भावना हे प्रार्थनेचे मूळ आहे का? मध्यरात्री तापलेल्या लेकरासाठी आई उठते. त्या क्षणी तिच्या मनात मायेचे भरते आलेले असतेच असे नाही. झोपमोड होते, चिडचिडही होते. पण ती उठते, पाण्याच्या पट्ट्या ठेवते. तिला कोणी ढोंगी म्हणेल का? तिचे प्रेम त्या उठण्यातच असते. प्रभूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला आठवा. एकाने मळ्यात जायला आधी नकार दिला, पण नंतर तो गेला. दुसरा गोड शब्दांत हो म्हणाला, पण गेलाच नाही. बापाची इच्छा पूर्ण केली ती पहिल्याने.

संतांच्या प्रार्थनेत नेहमीच गोडी होती, असा आपला समज असतो. आविलाची संत तेरेजा (१५१५–१५८२) ही प्रार्थनेची मोठी शिक्षिका. पण अनेक वर्षे प्रार्थनेच्या वेळी आपले लक्ष घड्याळाच्या टोल्यांकडे असे, तास कधी संपतो असे होई, हे तिने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. बाळ येशूची संत तेरेजा प्रार्थनेत चक्क झोपी जात असे. लेकरू झोपलेले असले तरी आईबापांना प्रियच असते, या विचाराने तिला धीर येई. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. साऱ्या जगाला हसरा चेहरा दाखवणाऱ्या मदरनी सुमारे ५० वर्षे अंतर्यामी काळोख सोसला होता. देव जवळ असल्याची अनुभूती हरपली होती, पण त्यांनी प्रार्थना सोडली नाही. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

आणि संतांच्याही पलीकडे, गेथशेमनेच्या बागेतला प्रभू पाहा. सोबती झोपलेले, जीव व्याकूळ झालेला. तिसऱ्या खेपेसही त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले, असे मत्तय सांगतो. तेच ते शब्द पुन्हा म्हणताना आपल्याला लाज वाटते, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मग भरकटलेल्या मनाची चिंताच नको का? हवी, पण योग्य जागी हवी. ओठ जवळ आणि अंतःकरण दूर, हा यशया संदेष्ट्याचा ठपका प्रभूने मार्कच्या सातव्या अध्यायात पुन्हा उच्चारला आहे. तो कोणत्या प्रसंगी, हे पाहण्यासारखे आहे. काही लोक आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करीत आणि त्या सबबीखाली म्हाताऱ्या आईबापांना पोसायचे टाळीत. प्रभूच्या दृष्टीने हे अंतःकरणाचे दूर असणे होय. प्रार्थनेत भाव दाटून आला की नाही, हे तो तेथे विचारत नाही. देवाच्या नावाखाली आईवडिलांना टाकले का, हे विचारतो.

दिवाणखान्यात आपण रोझरीच्या त्रेपन्न 'नमो मारिया' म्हणत असू आणि आतल्या खोलीत म्हातारी आई औषधाच्या गोळीसाठी हाका मारीत असेल, तर ढोंगाचा प्रश्न खरोखर उभा राहतो. पण त्यावरही प्रार्थना बंद करणे हा उपाय नव्हे. उठून तिला गोळी द्यावी आणि परत येऊन जपमाळ पुढे न्यावी. गरिबांच्या सेवेला वाहून घेतलेल्या आपल्या भगिनींना संत व्हिन्सेंट डी पॉल हेच शिकवीत. प्रार्थनेच्या वेळी गरिबाने हाक मारली तर खुशाल उठून जा, कारण तुम्ही देवाला सोडून देवाकडेच जात असता, असे त्यांचे सांगणे होते.

यावर कोणी म्हणेल, मग नुसती सेवाच पुरे; प्रार्थना हवी कशाला? ज्यांनी घरात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. नुसत्या कर्तव्याने हात चालतात, पण जिभेला धार चढते. "मीच का?" हा प्रश्न मनात घर करतो. मदर तेरेसांच्या भगिनी इतकी कामे असूनही रोज एक तास पवित्र साक्रामेंतासमोर बसतात. सेवा करणाऱ्या माणसाचे मन कडवट होऊ नये, यासाठी तो तास असतो.

आणि स्वतःचे शब्द आटले असतील तर उसने घ्यावेत. आध्यात्मिक वाचन त्यासाठीच असते. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी कित्येक निव्वळ तक्रारीची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलासा नाही. तरीही ख्रिस्तसभेने ते आपल्या प्रार्थनेत जपले आहे. आपले दुःख देवापुढे आहे तसे मांडता येते, त्याला गोड करावे लागत नाही. आपल्या मराठीतही ही शिदोरी जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत वाचायला आणि ऐकायला काही हवे होते, त्यातून सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ जन्मला. तो चर्चमध्ये वाचला जाई आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानी पडे.

तसे काही आपल्या घरीही करता येईल. शनिवारी रात्री जेवणे झाली की टीव्ही आणि मोबाइल दहा मिनिटे बाजूला ठेवावेत. उद्याच्या मिस्सेचे शुभवर्तमान एकाने मोठ्याने वाचावे, म्हणजे ज्यांची नजर अधू झाली आहे त्या आजीला आणि वाचता न येणाऱ्या लहानग्यालाही ते ऐकू येईल. घटकाभर शांत बसावे. मन बँकेच्या हप्त्याकडे धावले, तर तो हप्ताच प्रभूसमोर ठेवावा. चिंता हीच त्या दिवसाची प्रार्थना. आणि उठण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या मला कोणासाठी उठायचे आहे?

तरुण मित्रांनो, मन लागत नाही म्हणून तुम्ही मिस्सेला मागे उभे राहत असाल, किंवा घरची रोझरी टाळत असाल, तर आमची विनंती आहे : या. तुमचे न लागणारे मन घेऊनच या. रिकाम्या ओंजळीने देवापुढे बसणे हाही खरेपणाच आहे.

असे खरे आणि चिकाटीचे प्रार्थनाजीवन प्रभू आपल्या प्रत्येक कुटुंबाला देवो.