औषधाची नक्कल ही चोरी आहे काय?



आपण मुलाबाळांसह पंचशील घेतो. न दिलेले घेणार नाही, हे त्यातले दुसरे शील. मग दुसऱ्याने शोधलेले औषध त्याच्या परवानगीवाचून बनवणे ही चोरी ठरते काय? या प्रश्नावर लाखो माणसांचे प्राण टांगलेले होते.

१९९६ पासून तीन औषधे एकत्र देऊन एड्सच्या रोग्याला जगवता येऊ लागले. वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. श्रीमंत देशांतले रोगी उठून कामाला लागले. आफ्रिकेत रोगी सर्वांत जास्त. तेथे माणसे मरतच राहिली. दक्षिण आफ्रिकेने १९९७ साली स्वस्त औषधे आणण्यासाठी कायदा केला, तेव्हा ३९ औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. १९९५ च्या जागतिक व्यापार करारानेही पेटंटची वीस वर्षांची मक्तेदारी देशोदेशी नेली.

पण औषधाला देशांच्या सीमा ओलांडता येतात, हेही तितकेच खरे. भारताच्या १९७० च्या कायद्याने औषधाला पेटंट दिले नव्हते, ते बनवण्याच्या कृतीला दिले होते. म्हणून मुंबईची सिप्ला कंपनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ शकली. एप्रिलमध्ये त्या कंपन्यांनी खटला मागे घेतला.

आता शीलाकडे वळू. शोध लावणाऱ्याने श्रम केले आहेत. त्याचा मोबदला बुडवणे चूकच. परंतु मोबदला वेगळा आणि मक्तेदारी वेगळी. सक्तीच्या परवान्याने सरकार दुसऱ्यालाही औषध बनवू देते आणि शोधकाला त्याचा मोबदला मिळवून देते. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा येथे जगातील देशांनी हा हक्क मान्य केला. २००५ पासून भारतात औषधालाही पेटंट मिळते, तरी ही वाट कायद्यात आहे. यात चोरी कोठे आली? उलट, नफ्याच्या तृष्णेने औषध अडवून धरणाऱ्याने पहिले शील कसे पाळले? अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले. तो आपल्या काय कामाचा, हे पाहिले नाही.

आपल्याही घरांत आजारपणाला अजून ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणतात. बाबासाहेबांनी ही कल्पना नाकारली. आफ्रिकेतला तो मजूर पूर्वजन्मीच्या पापाने मेला नाही, किमतीने मेला. ती किंमत माणसांनी ठरवली आणि माणसांनीच उतरवली. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हा धम्म आहे. शील घेताना आपल्या मुलांना हेही समजावून सांगा.