हुकूम आणि हात

आज्ञापालन हा सद्गुण आपल्या घराघरांत मुलांना बालपणापासून शिकविला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज्ञा देणाऱ्यानेच पाप करावयास सांगितले, तर त्याचा भार कोणाच्या माथी? १९२१ साली जर्मनीतील लायपझिगच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न उभा राहिला, तो कॅनडाच्या एका रुग्णनौकेमुळे.

‘लँडोव्हरी कॅसल’ हे तिचे नाव. जखमी सैनिकांना हॅलिफॅक्स बंदरात उतरवून ती लिव्हरपूलकडे परतत होती. २७ जून १९१८ च्या रात्री, आयर्लंडच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक मैलांवर, यू-८६ या जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. रुग्णनौकेस अडवून तिची झडती घेता येते, तिच्यावर हल्ला करता येत नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम कप्तान हेल्मुट पाट्झिग यास ठाऊक होता. जहाजावर २५८ माणसे होती. त्यांत १४ कॅनेडियन परिचारिका होत्या. सैन्यात त्यांना ‘सिस्टर’ म्हणत, पण त्या धर्मभगिनी नव्हत्या. तो लष्करी हुद्दा होता. सगळ्याजणी एकाच नावेत होत्या. जहाज बुडताना जो भोवरा उठला, त्यात ती नाव उलटली. त्यांच्यासोबत असलेला एक सार्जंट वाचला. एकीनेही भीतीचा वा तक्रारीचा शब्द काढला नाही, असे त्याने पुढे सांगितले.

इथवर जे घडले ते भयंकर होते, पण खटला त्याबद्दल नव्हता. जहाजावर अमेरिकन वैमानिक अधिकारी असल्याचा पाट्झिगला संशय होता. वाचलेल्यांना पाणबुडीवर घेऊन त्याने चौकशी केली. काहीच सिद्ध झाले नाही. आता आपला गुन्हा उघड होणार! मग बाकीचे नाविक खाली गेले. वर उरले पाट्झिग, लेफ्टनंट डिथमार, लेफ्टनंट बोल्ट आणि एक तोफची. अंधारात जीवरक्षक नावांवर गोळे सुटू लागले. एकच नाव निसटली. तिच्यातील २४ जणांखेरीज कोणीही जगले नाही.

खटल्याच्या वेळी पाट्झिग बेपत्ता होता. पिंजऱ्यात होते ते दोघे लेफ्टनंट. त्या रात्रीविषयी बोलणार नाही, असे वचन आपण कप्तानास दिले आहे, एवढेच सांगून ते गप्प राहिले. शब्द पाळणे हाही सद्गुणच. कोणता सद्गुण कोणाच्या सेवेस जुंपला जाईल, सांगता येत नाही.

न्यायालयाचा युक्तिवाद मननीय आहे. कनिष्ठाने सहसा हुकुमाची चिकित्सा करू नये, हे त्याने मान्य केले. पाणबुडीवर कप्तानास नकार देणे किती कठीण, हेही त्याने ओळखले. परंतु असहाय बुडणाऱ्यांवर गोळ्या झाडणे नियमबाह्य आहे, हे साध्या माणसालाही कळते. तेथे हुकुमाची ढाल चालत नाही. शिवाय या दोघांनी नकार दिला असता, तर पाट्झिगला आपला बेत सोडावा लागला असता. मला हेच वाक्य सर्वांत जड वाटते. हुकूम एकट्याचा असतो, पण त्याला हात दुसऱ्यांचे लागतात. दोघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. काही महिन्यांतच ते तुरुंगातून निसटले.

प्रेषित पेत्राने महासभेपुढे जे ठणकावले, ते आपण दर पुनरुत्थानकाळात मिस्सेत ऐकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तेच युद्धाला लावले: असे हुकूम हा गुन्हा आहे आणि आंधळे आज्ञापालन ही सबब नव्हे.

मात्र ही कथा जर्मनांच्या दुष्टपणाची म्हणून वाचून बाजूला ठेवता येत नाही. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियाँच्या लढाईत कॅनडाच्या ब्रिगेडियर जनरल टक्सफर्ड यांनी आपल्या सैनिकांना ‘लँडोव्हरी कॅसल’ हीच युद्धघोषणा दिली. संगीन खुपसताना शत्रूच्या कानी शेवटचा शब्द तोच पडावा, अशी त्यांची सूचना होती. मृत परिचारिकांनी आयुष्यभर ज्या जखमा बांधल्या, तशाच जखमा त्यांच्या नावे केल्या गेल्या. त्या सूचनेची चौकशी कोणत्याही न्यायालयात झाली नाही.