दोष कोणाचा?

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत ग्रेट बॅरिअर रीफ नांवाची पोवळ्यांच्या खडकांची रांग सुमारें २,३०० किलोमीटर पसरली आहे. हे खडक लहान जीवांनीं बांधिलेले आहेत. त्यांच्या देहांत अतिसूक्ष्म शेवाळ राहतें. जीव त्यास आश्रय देतात, व तें सूर्यप्रकाशाच्या योगें अन्न करून त्यांस पोसतें. भर उन्हाळ्यांतील नेहमींच्या उष्णतेहून पाणी एक अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, म्हणजे शेवाळ बाहेर टाकलें जातें व पोवळें पांढरें पडतें.

शास्त्रज्ञ उपग्रहांच्या द्वारें ही उष्णता मोजितात, विमानांतून खडक पाहतात, आणि पाण्यांत बुडी मारून खात्री करितात. २०१६ सालीं पाहिलेल्या ९११ खडकांपैकीं केवळ ६८ पूर्णपणें बचावले होते.

आतां प्रश्न असा कीं, हा दोष कोणाचा? समुद्र तापतो तो कोळसा व तेल जाळल्यानें; जाळणारे कोट्यवधि, आणि पोवळें मारावें असें कोणाच्याहि मनांत नव्हतें. तर मग कोणीच दोषी नाहीं काय? ज्यानें अधिक जाळिलें त्याजवर भार अधिक, हें उघड आहे. परंतु वांटा लहान असला म्हणून तो नाहींसा होत नाहीं. हेतु वाईट नव्हता ही सबब अज्ञान असेपर्यंतच चालते.

पांढरें पोवळें लागलेंच मरत नाहीं. पाणी वेळीं निवलें तर शेवाळ परत येतें. म्हणून, वाचकहो, आपला वांटा केवढा हें प्रत्येकानें पाहावें, व तेवढा तरी कमी करण्यास विलंब लावूं नये.