खालच्या काठाचा शेजारी

ज्या कृत्याने कोणाचे नुकसान झाले हे आपल्याला कधीही दिसणार नाही, ते कृत्य दोषास्पद ठरते काय? चोरीत ज्याची वस्तू गेली तो समोर असतो. खोट्या साक्षीत ज्याची अब्रू गेली तो असतो. परंतु मुदत संपलेल्या चार गोळ्या मोरीत टाकल्या, उरलेले खोकल्याचे औषध बेसिनमध्ये ओतले, तर फिर्यादी कोण? आपल्या कुटुंबांत या प्रश्नाचा विचार फारसा होत नाही, म्हणून तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

घरात औषधे उरण्याची कारणे साधीच आहेत. ताप उतरला की गोळ्या अर्धवट सुटतात. पाच हव्या असता दहांची पट्टी घ्यावी लागते. वृद्ध आईवडिलांपैकी कोणी प्रभूकडे गेले म्हणजे उशाशी असलेला औषधांचा डबा तसाच राहतो, आणि तो पाहवत नाही म्हणून एके दिवशी कोणीतरी रिकामा करतो. यात दुष्टपणा मुळीच नाही. पुष्कळदा लहान मुलांच्या हाती काही लागू नये ही काळजीच त्यामागे असते. पण पाण्याला हेतू कळत नाही.

मोरीचे पाणी पुढे कोठे जाते? इंदूरची कान्ह नदी शहराचे सांडपाणी घेऊन उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. हैदराबादच्या खाली मुसीच्या पाण्यावर शेतकरी भात आणि जनावरांचा चारा पिकवितात. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे मुख्यतः मैला काढण्यासाठी बांधलेली असतात. फेफऱ्यावर देतात ते कार्बामाझेपिन त्यांतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते.

थोड्या औषधाने काय होते याचे एक उदाहरण कॅनडातील आहे. ओंटारिओ प्रांतातील एका लहान सरोवरात शास्त्रज्ञांनी 2001 ते 2003 या तीन उन्हाळ्यांत कुटुंबनियोजनाच्या गोळीतील संप्रेरक मुद्दाम मिसळले. प्रमाण लिटरला 5 ते 6 नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करून त्यांतील पाच-सहा. तेवढ्याने नर माशांत मादीची लक्षणे दिसू लागली, आणि फॅटहेड मिनो नावाचे लहान मासे सरोवरातून जवळजवळ नाहीसे झाले.

कोणी म्हणेल, नदीतील औषधांचा मोठा वाटा माणसांच्या लघवीतून आणि काही ठिकाणी कारखान्यांतून येतो. हे खरे आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले होते. मग आपल्या चार गोळ्यांची काय कथा? आम्हांस असे वाटते की, घेतलेल्या औषधाचा अंश शरीरातून जाणे टाळता येत नाही, आणि कारखान्यांचा जाब कारखान्यांना व सरकारला विचारला पाहिजे; परंतु न घेतलेली गोळी सर्वस्वी आपल्या हाती आहे. शेजाऱ्याचे कर्ज मोठे म्हणून आपले फिटत नाही.

यहेज्केलाच्या 34 व्या अध्यायात धष्टपुष्ट मेंढरांना दोष दिला आहे, तो पाणी प्यायल्याबद्दल नाही. स्वतः स्वच्छ पाणी पिऊन उरलेले त्यांनी पायांनी गढूळ केले आणि इतरांना तेच प्यावे लागले, हा त्यांचा अपराध. मागून कोण येत आहे ते आम्हांला दिसले नाही, ही सबब तेथे चालत नाही.

मात्र याचा आंधळा नियम करू नये. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 साली दिलेल्या मार्गदर्शनात फेंटानिल, ट्रामाडॉल यांसारखी 17 औषधे उरल्यास संडासात टाकून पाणी सोडावे असे सांगितले, कारण ती चुकून कोणी घेतली तर प्राणावर बेतू शकते. घरातील लेकराचा जीव आधी. इतर औषधांना ही सवलत नाही.

मग करावे काय? प्रथम, लागेल तेवढेच विकत घ्यावे आणि डॉक्टरांनी सांगितलेला क्रम पुरा करावा. उरलेली पट्टी डॉक्टरांना विचारल्यावाचून शेजाऱ्याला देणे हे दान नव्हे. 2016 च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली गेली. तेव्हा ती बंद पिशवीत, वर ‘औषधे’ असे लिहून, वेगळी द्यावीत. केरळात 2025 साली औषध नियंत्रण विभागाने कोझिकोडपासून अशी औषधे गोळा करण्याची योजना सुरू केली. आपल्या गावी काय सोय आहे, हे मंडळीच्या कारभाऱ्यांनी नगरपालिकेत जाऊन विचारावे; नसेल तर मागावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, हे मुलांना शोधू द्या: गटार, नाला, नदी आणि नदीकाठचे पहिले गाव. त्या गावाचे नाव मुलांनी वहीत लिहिले म्हणजे फिर्यादी कोण, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.