एकाच विजेचे दोघे

नाताळच्या सुटीत माझा अकरा वर्षांचा पुतण्या आमच्याकडे परळला राहायला आला होता. त्याच्या आग्रहाखातर ‘मिन्नल मुरली’ हा 2021 साली आलेला मल्याळी चित्रपट आम्ही दोघांनी हिंदी रूपांतरात पाहिला. शेवटी नायकाने खलनायकाला मारले, गाव वाचले. पोराने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने विचारले, ‘‘काका, शिबूचं काय चुकलं? आधी त्यांनीच ना त्याचं घर जाळलं?’’ मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि जेवणाची ताटे मांडायला उठलो. प्रश्न मात्र तिथून उठला नाही.

आमच्या लहानपणी असा प्रश्न कुणाला पडत नसे. 1964 पासून 1990 पर्यंत ‘टाइम्स ऑफ इंडिया’कडून निघणारी ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आम्ही वाचनालयातून भाड्याने आणून वाचत असू. फँटमच्या अंगठीतील कवटीचा ठसा ज्याच्या जबड्यावर उमटला तो दुष्ट, एवढे आम्हांला पुरत असे. पुढे 1987 साली ‘मिस्टर इंडिया’ आला, तेव्हाही मोगँबोला बालपणी कोणी छळले होते काय, याची चौकशी कोणी केली नाही.

बासिल जोसेफ यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मिन्नल मुरली’त तसे नाही. केरळमधील एका खेड्यात, नाताळच्या दिवसांत, एकाच रात्री दोघांवर वीज कोसळते. जेसन हा शिंपी आहे. त्याला अमेरिकेला जायचे आहे. शिबू चहाच्या दुकानात राबतो. त्याला गावाने कधी आपला मानलेले नाही. दोघांच्या अंगी सारखेच बळ येते. ते हाती येताच दोघेही आधी स्वतःचाच हिशेब चुकता करतात. जेसन पोलिसांना चोप देतो. नायक म्हणून मिरवावे असे त्यात काही नाही. शिबू ज्या उषेवर आयुष्यभर मूकपणे प्रेम करीत आला, तिच्या लेकीच्या उपचारासाठी तो बँक लुटतो. मग उषा त्याचा स्वीकार करते, आणि नेमके तेव्हाच गावकरी त्याचे घर पेटवून देतात. त्या आगीत उषा मरते. शिबू गाव जाळायला निघतो.

माझ्या पुतण्याचे हृदय शिबूसाठी द्रवले, हे मला आवडले. परंतु अलीकडे खलनायकाच्या जखमेचा शोध घेण्याची जी रीत चित्रपटांत पडली आहे, तिच्यात एक धोका दिसतो. जखम सापडली की गुन्ह्याचा निकाल लागला असे आपण समजतो. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (2008) या रीतीची थट्टाच आहे. त्यातील जोकर आपल्या ओठांवरच्या व्रणांची कथा दोनदा सांगतो, आणि दोन्ही वेळा ती वेगळी असते. आपण कारण मागतो म्हणून तो कारण पुरवतो!

येथे संत ऑगस्टीन आठवतात. सोळाव्या वर्षी त्यांनी सोबत्यांसह रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. आपल्या आत्मनिवेदनात ते या क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने खर्च करतात. अखेर एक गोष्ट त्यांच्या ध्यानी येते. एकटे असते तर त्यांनी ते केले नसते.

खलनायकावर लिहिणारे बहुधा घोळक्याला विसरतात. जोकरचा शेवटचा डाव बॅटमनवर नसून घोळक्यावरच आहे. दोन बोटी आहेत, एकीत नागरिक, दुसरीत कैदी. प्रत्येक बोटीच्या हाती दुसरी उडवण्याची कळ आहे. नागरिक मतदान घेतात आणि बहुमताने कैद्यांना उडवायचे ठरवतात; पण ती कळ दाबायला एकाचाही हात धजत नाही. कैद्यांच्या बोटीवर एक धिप्पाड कैदी कळ मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात भिरकावून देतो. बॅटमनच्या साऱ्या पराक्रमापेक्षा मला तो कैदी मोठा वाटतो. त्याला पोशाखही नाही!

पुतण्याला त्या रात्री मी जे सांगितले नाही, ते आता सांगतो. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा कामावर जाता आले नाही. लालबागला आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर दोन भाऊ राहत. बाप गिरणीत साचेवाला. संपाच्या दुसऱ्या वर्षी घरातली पितळेची भांडी विकून झाली होती. अशात शेजारच्या एका बाईंची सोन्याची साखळी नाहीशी झाली. कोणी कोणाचे नाव घेतले नाही, पण त्या दोघांना पाहून मजल्यावरची दारे लोटली जाऊ लागली. आमचेही. मी तेव्हा कॉलेजात होतो. धाकट्याला बीजगणित शिकवीत असे. ते मी बंद केले, परीक्षेचे निमित्त सांगून.

दीड महिन्याने साखळी त्याच बाईंच्या तांदळाच्या डब्यात सापडली.

थोरला पहाटे दादरहून भाजी आणून नाक्यावर विकू लागला. ज्या दारांनी त्याला टाळले त्याच दारांशी तो कोथिंबिरीची जुडी ठेवून जाई, पैसे उद्या द्या म्हणे. धाकटा एका टोळीसाठी खंडणीच्या चिठ्ठ्या पोचवू लागला. पुढे चिठ्ठ्यांवर भागले नाही. भूक तीच, संशय तोच, आईबापही तेच. धाकट्याने जे केले ते त्यानेच केले. त्याच्या हातून ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्यांना आमच्या बंद दारांची हकिकत ऐकवणे हा निर्लज्जपणा होईल. आणि त्याला केवळ परिस्थितीचा बळी म्हटले, तर थोरल्याच्या त्या पहाटांना काय म्हणायचे?

पण जेसनला आपल्यात वीर पाहणारा एक भाचा होता. थोरल्याला आईची उस्तवार करायची होती. धाकट्याजवळ मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ होती, आमच्या खोलीतली, बीजगणिताची.

सुटी संपवून निघताना पुतण्याने पुन्हा विचारले, तेव्हा मी म्हटले, शिबूचे चुकलेच. पण त्याचे घर पेटत असताना बाकीचे कुठे उभे होते, ते पुढच्या वेळी नीट पाहा. तो म्हणाला, ‘‘सगळे एकत्रच होते, काका.’’

साखळी सापडली त्या संध्याकाळी मी घरीच होतो. त्यांच्या खोलीपर्यंत मधे तीनच दारे होती.