बॉनेटखालचे स्टिकर

गेल्या महिन्यात आमच्या आळीत एका घरी जुनी गाडी आली. रविवारच्या मिस्सानंतर अर्धी आळी ती बघायला जमली. कोणी टायर दाबून पाहिले, कोणी दार उघडून वास घेतला, आणि येणाऱ्या प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला, "किती चाललीय?" मालकाने आकडा सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही दोघे मात्र गप्प उभे राहिलो. हा प्रश्न ऐकला की आम्हाला अजूनही ऑकलंड आठवते.

धर्मग्रामातील बऱ्याच जणांना ठाऊक आहे की २००७ ते २०१३ अशी सहा वर्षे आम्ही न्यूझीलंडमध्ये होतो. तिथल्या त्या गाडीची गोष्ट आम्ही आजवर कोणाला धड सांगितलेली नाही. गोष्ट तशी लहान आहे. पण तिच्यातला प्रश्न आपल्या वाडीत, दुकानात, बाजारात रोज येतो. विकणाऱ्याने किती सांगावे? आणि जे विचारले असते तर कळले असते, ते मुद्दाम न विचारता राहिलो, तर त्याला अज्ञान म्हणावे का?

आधी तिथली परिस्थिती सांगायला हवी. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात. जपानमध्येही तसेच. जपानमध्ये नवी गाडी घेतली की तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तिची सक्तीची तपासणी असते. ती बरीच खर्चाची असल्याने तिथले लोक चांगल्या चालत्या गाड्याही काढून टाकतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने अशा वापरलेल्या गाड्यांना दार मोकळे केले. १९९८ साली गाड्यांवरचे आयात शुल्कही उठले आणि देशात गाड्या जोडणारे उरलेसुरले कारखाने त्याच वर्षी बंद पडले. त्यामुळे तिकडे मध्यमवर्गीय घरासमोर जपानहून आलेली जुनी गाडी दिसणे ही अगदी साधी गोष्ट.

आम्ही २००८ साली घेतली ती १९९९ची, सरकत्या दाराची, आठ माणसांची गाडी. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. मीटरवर ७९,००० किलोमीटर होते. किंमत ६,८०० डॉलर. पैसे हातात होते तेवढेच, म्हणून घासाघीस फारशी न करता घेतली. बाहेरून बरी दिसत होती, पण घरी आणून दारे उघडी ठेवली तेव्हा आतला वास बाहेर आला. कुबट, आंबट, जुन्या दुधाचा.

पुढचे चार शनिवार आम्ही त्या गाडीत घातले. मागच्या सीटा काढून अंगणात मांडल्या. खाली चिप्सचा चुरा, केसांच्या पिना, दहा येनची दोन नाणी आणि एक तुटकी खेळण्यातली रेल्वेगाडी निघाली. ती आमच्या धाकट्याने लगेच ताब्यात घेतली. पुढचा गालिचा उचलला तर खालचा फोम ओलाचिंब. पाणी कुठून येते ते दोन दिवस कळेना. मग लक्षात आले की छतावरच्या काचेच्या चौकटीतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या कुजलेल्या पानांनी तुंबल्या होत्या, म्हणून पावसाचे पाणी आत उतरत होते. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी त्यांत सरकवत सरकवत मोकळ्या केल्या. समोरच्या कप्प्यामागची हवेची जाळी काढली तर तिच्यातही पानेच. गालिच्यावर खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवला आणि दोनदा ऊन दाखवले. पुढचे दिवे मोतीबिंदू झाल्यासारखे पिवळे पडले होते, ते भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. इंजिनचे तेल काळ्या काकवीसारखे निघाले. ते बदलले, पाचशे किलोमीटरने पुन्हा बदलले. ब्रेकचे तेलही बदलून घेतले.

रेडिओवर जेमतेम एक-दोन स्टेशने लागत, कारण जपानचा एफएम पट्टा ७६पासून सुरू होऊन तेव्हा ९०ला संपत असे आणि न्यूझीलंडची बहुतेक स्टेशने त्याच्या वर. शिवाय किल्ली फिरवली की आतून एक बाई गोड आवाजात जपानी भाषेत काहीतरी बजावत असे. टोलचे कार्ड घातलेले नाही, असे ती सांगत होती हे पुष्कळ पुढे समजले. मुलांना ते वाक्य पाठ झाले. गाडी सुरू झाली की तीही तिच्याबरोबर म्हणत. अशी ती हळूहळू आमची गाडी झाली.

चौथ्या शनिवारी इंजिनवरची काजळी पुसताना बॉनेटखाली एक स्टिकर उघडे पडले. जपानी अक्षरे, पण आकडे आपल्याला वाचता येतील असे. १,०४,००० किलोमीटर. आणि खाली तारखेच्या जागी १७.

वाचकहो, मीटरवर ७९,००० असलेल्या गाडीत १,०४,००० लिहिलेला कागद कशासाठी असेल? इंजिनच्या आत एक दातेरी पट्टा असतो. अशा गाड्यांत तो साधारण लाखभर किलोमीटरला बदलावा लागतो. तुटला तर पुष्कळ गाड्यांत इंजिनच मोडते. बदलला की मेकॅनिक कोणत्या किलोमीटरला बदलला ते लिहून असे स्टिकर लावतो. आम्ही मात्र दोघांनी उभ्या उभ्या एक अर्थ लावला. पुढचा पट्टा कधी बदलायचा ते लिहिले असेल, म्हटले. आणि कामाला लागलो. आमच्यापैकी एकीच्या ऑफिसात एक जपानी बाई रोज शेजारी बसून डबा खात. त्यांना विचारायला एक मिनिट पुरले असते. पाच वर्षे विचारले नाही.

आता खरी लाजेची गोष्ट. तिसऱ्या वर्षी मीटरने १,०४,०००चा आकडा ओलांडला. आम्ही लावलेला अर्थ आम्हाला खरा वाटत असता, तर त्या आठवड्यात पट्टा बदलायला गाडी गॅरेजला जायला हवी होती. गेली नाही. आमच्यात त्यावर एक शब्दही झाला नाही. म्हणजे तो अर्थ आम्हाला खरा वाटतच नव्हता, फक्त सोयीचा होता.

२०१३ साली परत यायचे ठरले आणि गाडी विकायला काढायची म्हणून पुन्हा साफसफाई सुरू झाली. मीटर १,३४,००० दाखवत होता. थोरला तेरा वर्षांचा होता. त्याला इंजिन पुसायचे काम दिले. तेलकटपणा काढायचे औषध एका हातात, फडके दुसऱ्या हातात. स्टिकरपाशी आला आणि थांबला.

"पप्पा, हे पण काढायचे का?"

साधा प्रश्न होता. त्याला काहीच माहीत नव्हते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोन थेंब औषध आणि फडक्याचा एक हात, एवढ्यावर ते संपले असते.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी जपानी बाईंना फोटो दाखवला. त्यांनी एका दमात वाचून दाखवले. पट्टा बदलला, १,०४,००० किलोमीटरला, हेइसेइ १७ साली. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीवरून वर्षे मोजतात. हेइसेइचे पहिले वर्ष १९८९, म्हणून सतरावे म्हणजे २००५. म्हणजे २००५ साली जी गाडी १,०४,००० चालली होती, ती २००८ साली आम्हाला ७९,००० म्हणून मिळाली. निदान पंचवीस हजार पुसलेले होते. पट्ट्याला आठ वर्षे झाली होती आणि तो आमच्या हातीच ५५,००० चालला होता. त्याआधीच्या तीन वर्षांत किती चालला ते सांगणारे कोणी नव्हते. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचे दुकान तोवर उठले होते.

रात्री मुले झोपल्यावर वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे: मीटर आपण फिरवलेला नाही. आपण फसलो, पैसे भरले, दुरुस्तीवर आणखी दीड हजार घातले. घेणारा मोठा माणूस आहे, त्याने मेकॅनिक आणावा, बघून घ्यावे. व्यापाऱ्याला काचेवर माहितीपत्रक लावावे लागते, आपल्यासारख्या घरगुती विक्रेत्याला ते बंधन नाही. आपण खोटे बोलायचे नाही, विचारले नाही तर सांगायचेही नाही. दुसरीचे म्हणणे एवढेच होते की, मग स्टिकर राहू द्यायचे की काढायचे? याला उत्तर नव्हते. राहू दिले तर कोणीतरी वाचणार, आणि काढले तर आपण गप्प राहिलो एवढेच म्हणता येणार नाही.

हा वाद जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोममध्ये सिसेरोने कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात हीच चर्चा आहे. एकाला घर विकायचे आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, खोल्यांतून साप निघतात, पण हे मालकाशिवाय कोणालाच माहीत नाही. त्याने सांगावे का? एक विचारवंत म्हणतो, न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे, विकणाऱ्यावर सगळे सांगायची सक्ती नाही. दुसरा म्हणतो, सांगायलाच हवे. सिसेरोने दुसऱ्याची बाजू घेतली. त्या पहिल्या विचारवंताचे म्हणणे म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला वाद शब्दाला शब्द होता.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी तो आणखी बारकाईने सोडवला. त्यांचा घोडा आपण बैल समजू या. एका डोळ्याने अधू बैल बाजारात उभा केला, तर दोष दिसतोच आहे. किंमत तशी कमी केली असेल तर तोंडाने सांगण्याची गरज नाही. पण लंगडणारा घोडा वेगवान म्हणून किंवा मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून दिले, दोष लपलेला आहे आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान किंवा त्याला धोका होणार आहे, तर सांगणे हे न्यायाने बंधनकारक. उपकार म्हणून नव्हे. आणखी एक गोष्ट ते सांगतात. विकणाऱ्याला दोष माहीतच नसेल तर त्याला पाप लागत नाही, पण पुढे कळला तर नुकसान भरून दिले पाहिजे. हे वाचताना आम्हाला आधी बरे वाटले, की आम्हालाही माहीत नव्हते. मग मीटर १,०४,०००च्या पुढे गेला तो आठवडा आठवला. जाणूनबुजून पत्करलेले अज्ञान माणसाला सोडवत नाही, असेही त्यांनीच लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे बैल घेताना जुनी माणसे तोंड उघडून दात बघत. दोनदाती, चारदाती, सहादाती. वय लपत नसे. टोपलीत वर चांगली केळी आणि खाली डागाळलेली, हे मात्र आपल्या बाजारात चालत आले आहे, आणि गिऱ्हाईक टोपली उपसून बघते हेही. अशा ठिकाणी दोघेही सावध असतात. गाडीचे तसे नाही. आणि आम्ही तर तिला इतकी स्वच्छ केली होती! दिवे लख्ख, गालिचा धुतलेला, वास गेलेला. १,३४,००० हा आकडा आता पहिल्यापेक्षा जास्त पटण्यासारखा झाला होता. आमची मेहनत खरी होती, पण आम्ही गप्प बसलो असतो तर ती त्या खोट्या आकड्याच्याच कामी आली असती.

४,८०० डॉलरला जाहिरात दिली. पहिले एक जोडपे आले. त्यांना गाडी फार आवडली. आम्ही बॉनेट उघडून स्टिकर दाखवले, सगळे सांगितले. त्यांचे चेहरे बदलले. मीटर आम्हीच फिरवला आणि आता घाबरून सांगतो आहोत, असे त्यांना वाटले असावे. निरोप न घेताच गेले. त्या रात्री स्वयंपाकघरात पुन्हा जुना वाद निघाला, आणि या वेळी दोघांनीही बाजू बदलल्या होत्या. याचे आम्हाला आजही हसू येते.

आठवड्याने दक्षिण ऑकलंडचा एक चार मुलांचा बाप आला. सोबत मेकॅनिक भाऊ. आम्ही सांगायला सुरुवात केली तर भावाने हात वर करून थांबवले, टॉर्च मारून स्टिकर पाहिले आणि हसला. म्हणाला, पट्टा आधी बदलतो, मग मुलांना बसवतो. त्यांनी ३,००० देऊ केले. आम्ही ३,२०० म्हटले. सौदा झाला. कागदावर आम्ही लिहून दिले की मीटर खरा नाही आणि पट्टा २००५चा आहे. खाली दोघांनी सह्या केल्या. सोळाशे डॉलर कमी आले. आमच्या परतीच्या तिकिटांतले एक तिकीट त्यात सहज आले असते, असा हिशेब आम्ही केलाच.

गाडी न्यायच्या आदल्या संध्याकाळी थोरल्याने इंजिन पुन्हा एकदा पुसले. स्टिकरच्या कडेकडेने, फडके ओले न करता. दुसऱ्या दिवशी नव्या मालकाने किल्ली फिरवली, आतली बाई टोलच्या कार्डाबद्दल बोलली, आणि आमची दोन्ही मुले पायरीवर उभी राहून तिच्याबरोबर मोठ्याने म्हणाली. तो माणूस चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, ती काय म्हणते?

तेही आम्ही सांगितले.