राहुलाचा आरसा आणि आपल्या घरातला मोबाईल



विहारात वंदना आटोपली की एक तक्रार हमखास कानी येते. "गुरुजी, पोरगं मोबाईल सोडत नाही. मारलं, हिसकावून घेतला, तरी तेच." बंधूंनो, मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून, उसनवारी करून तो आपणच त्याच्या हाती दिला होता.

कोणी म्हणतात, ही नशाच आहे. पाचवे शील मोडले. मला हे सरसकट पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत गेमचे वेड हा विकार आहे खरा. पण तेथे अट कडक आहे. खेळावरचा ताबा सुटलेला, बाकी सारे मागे पडलेले, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच, आणि हे साधारण १२ महिने. तसे दिसले तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. अंगारे-धुपारे आपण सोडले आहेत, ते यासाठी परत घरात आणू नका! बाकी पुष्कळ मुले आजारी नसतात. घरात त्यांच्याशी बोलणारे कोणी नसते.

सिगालोवाद सुत्तात आईबापांची कर्तव्ये सांगितली आहेत. वाईटापासून आवरणे हे पहिले, चांगल्याकडे वळवणे हे दुसरे. आपण पहिल्यावरच थांबतो, आणि तेही काठीने. तथागतांनी स्वतःच्या मुलाला कसे आवरले? अंबलट्ठिकेत ते राहुलाकडे स्वतः चालत गेले, त्याच्यापाशी बसले आणि विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, तो म्हणाला. तसेच प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, असे त्यांनी शिकवले. याने मला वा दुसऱ्याला दुःख होते काय? मुलाला हा प्रश्न स्वतःला विचारता आला, तर आपण कामावर असतानाही तो त्याच्याजवळ राहतो.

पण बाप जेवताना मोबाईल पाहतो, आई चुलीपाशी मालिका लावते, आणि उपदेश मात्र पोराला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. त्यात मोठी माणसेही होती, म्हणून मला त्याचे मोल वाटते.

आपल्या वस्तीत भोंगा नसेल. जेवणापूर्वी घरातले सारे मोबाईल, तुमचा आधी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवा. मुलगा तो कोणता गेम खेळतो, कोणाशी बोलतो, ते त्यालाच विचारा. पहिले आठ दिवस तो चिडेल, धड उत्तर देणार नाही. तरी पाटावरून उठू नका.